आरशावरची तीन बटणं, आणि गराजचं दार काही केल्या हलत नाही

अडगळीतला | ११ जानेवारी, रात्री १०.१५

मंडळी, सलग तिसरा रविवार गाडीत बसून काढला आणि गाडी जागची हलली नाही. शेवटी इथे विचारतोय.

ऑक्टोबरात न्यू जर्सीत, एडिसनजवळ घर घेतलं. दोन गाड्यांचं गराज आहे. (पुण्यात गॅरेज म्हणजे गाडी उघडून ठेवतात ते. इथल्या गराजात गाडी सोडून सगळं असतं. पण या थंडीत बायकोने हुकूम काढला: खोकी हलवा, गाड्या आत घ्या.) आधीच्या मालकाने रिमोट एकच दिला, तो बायकोच्या गाडीत असतो. माझी गाडी २००९ ची, सेकंडहँड. तिच्या आरशाच्या खालच्या कडेला तीन बटणं आहेत, वर घराचं चित्र. मॅन्युअलमध्ये त्याला होमलिंक म्हटलंय. एकदा शिकवलं की रिमोट बाळगायलाच नको, असं त्यात लिहिलंय.

मी काय केलं ते सांगतो. बाहेरची दोन बटणं एकत्र दाबून धरली, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. मग रिमोट आरशापासून दोन बोटांवर धरून त्याचं बटण आणि आरशावरचं एक बटण एकदम दाबलं. दिवा बहुतेक वेळा सावकाशच लुकलुकत राहतो. एकदा भराभर लुकलुकला, तेव्हा मी गाडीत टाळ्या वाजवल्या. दार मात्र ढिम्म.

बाबा सांगलीहून आलेत, ते शेजारच्या सीटवर बसून सूचना देतात. "जरा जोरात दाब" ही त्यातली मुख्य.

जाता जाता, बायकोचा रिमोटही सकाळी कधीकधी चालत नाही. नवी सीआर२०३२ बॅटरी घातली तरी तेच. पण तो वेगळा विषय.

कढीपत्ता | ११ जानेवारी, रात्री १०.४०

शीर्षक वाचून वाटलं कविता आहे. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

उंटावरचा | ११ जानेवारी, रात्री ११.०५

तीस डॉलर टाका, नवा रिमोट घ्या, सनशेडला अडकवा. धागा संपला.

अडगळीतला | ११ जानेवारी, रात्री ११.१२

@उंटावरचा, तसं करणार होतो. पण आता बाबांसमोर माघार घेता येत नाही.

तारयंत्र | १२ जानेवारी, सकाळी ७.३०

एक प्रश्न. छताला टांगलेल्या मोटरीच्या खोक्यावर, बहुधा दिव्याच्या झाकणाखाली किंवा मागच्या बाजूला, एक छोटं रंगीत बटण असेल. त्यावर किंवा शेजारी 'लर्न' लिहिलेलं असतं. त्याचा रंग सांगा. तो कळल्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे.

तोवर एक गोष्ट, जी मॅन्युअलमध्ये चौदाव्या ओळीत असते आणि तिथपर्यंत कोणी वाचत नाही. तुम्ही केलंत ते अर्धंच काम आहे. जुन्या मोटरींना कोड ठरलेला असायचा. रिमोटच्या पोटात बारीक स्विचांची रांग, मोटरीतही तशीच, दोन्ही जुळल्या की दार उघडलं. अशा रिमोटची गाडीने नक्कल केली की काम झालं. पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बदलता कोड आला. रिमोट आणि मोटर दोघांना एकच पाढा पाठ असतो आणि रिमोट दर वेळी पुढची ओळ म्हणतो. म्हणून झालेली ओळ पुन्हा ऐकू आली तर मोटर दार उघडत नाही. म्हणजे नक्कल करून उपयोग शून्य. रिमोटकडून गाडी फक्त बोली शिकते. मोटरीशी तिची ओळख वेगळी करून द्यावी लागते, नवा रिमोट आणल्यासारखी.

गाडीला कोड कळला का, हे असं ओळखायचं: शिकवून झाल्यावर आरशाचं तेच बटण नुसतं दाबा. दिवा स्थिर लागला तर कोड ठरलेला आहे, दार उघडायला हवं. दोनेक सेकंद भराभर लुकलुकून मग स्थिर झाला तर कोड बदलता आहे, आणि मोटरीशी ओळख बाकी आहे.

अडगळीतला | १२ जानेवारी, रात्री ८.२०

शिडी लावून बघितलं. पिवळं आहे. पिवळं म्हणजे चांगलं की वाईट?

तारयंत्र | १२ जानेवारी, रात्री ९.००

घरासाठी चांगलं, तुमच्यासाठी वाईट.

चेंबरलेन आणि लिफ्टमास्टर हे मोटरींचे ब्रँड एकाच घरचे, आणि या घरात बटणाचा रंग म्हणजे जन्मपत्रिका. हिरवं १९९३ ते ९७ च्या सुमाराचं, ३९० मेगाहर्ट्झ (रेडिओची वारंवारता). त्यानंतर नारिंगी किंवा लाल, तेही ३९०. २००५ पासून जांभळं, ३१५. आणि २०११ पासून पिवळं. हे ३१०, ३१५ आणि ३९० अशा तिन्हींवर बोलतं आणि त्याचा पाढाही नवा आहे, सिक्युरिटी प्लस २.०. तुमची गाडी २००९ ची. तिच्या आरशातल्या होमलिंकचा जन्म झाला तेव्हा ही बोली अस्तित्वातच नव्हती. दिवा लुकलुकला तरी त्याला अर्थ नाही, पाहुण्याने न कळता मान डोलवावी तसं ते.

उपाय आहे. रिपीटर किंवा ब्रिज नावाचं छोटं खोकं मिळतं, ते गराजच्या प्लगमध्ये लावायचं. गाडी त्याच्याशी जुन्या बोलीत बोलते, ते मोटरीशी नव्या बोलीत. दुभाषा म्हणा. आधी खोक्याची मोटरीशी ओळख, मग गाडीची खोक्याशी. घेण्यापूर्वी होमलिंकच्या साइटवर गाडीचं वर्ष आणि मॉडेल टाकून बघा, काही गाड्यांना लागतं, काहींना नाही.

अवांतर: मी मिशिगनमध्ये राहतो आणि होमलिंक हे आमच्याकडचंच लेकरू. हॉलंड नावाच्या गावातल्या प्रिन्स कंपनीचं. १९९६ मध्ये ती जॉन्सन कंट्रोल्सने घेतली, आणि २०१३ मध्ये होमलिंक ७० कोटी डॉलरला शेजारच्या झीलंडच्या जेन्टेक्सकडे गेलं. रात्री मागच्या गाडीचा झोत पडला की आपोआप काळवंडणारे आरसे करते ती हीच कंपनी.

मिसिसागाकर | १२ जानेवारी, रात्री ९.४५

कॅनडातल्यांनी नोंद घ्यावी. इथले रिमोट दाबून धरले तरी दोनेक सेकंदांत आपणहून गप्प होतात, नियमच तसा आहे. तेवढ्यात गाडी काही शिकत नाही. आरशाचं बटण दाबून धरायचं आणि रिमोटचं बटण मात्र दर दोन सेकंदांनी दाबायचं-सोडायचं, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. मॅन्युअलमध्ये याला चक्क 'कॅनडातील ग्राहकांसाठी' असा वेगळा परिच्छेद असतो. मी तो अमेरिकेतल्या भावाच्या सांगण्यावरून वगळला होता आणि उणे वीसमध्ये तासभर कुडकुडलो.

रणरण | १३ जानेवारी, पहाटे १२.३०

एक शंका. या बदलत्या पाढ्याची एवढी गरज काय? माझ्या फिनिक्सच्या घरी अजून ती स्विचांची रांगवाली मोटर आहे. बारा स्विच, म्हणजे ४०९६ कोड. एवढे कोण दाबत बसणार?

तारयंत्र | १३ जानेवारी, सकाळी ७.४५

@रणरण, दाबत बसायला लागत नाही. २०१५ मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने दाखवून दिलं. बाजारातून कधीच बाद झालेलं मुलींसाठीचं एक गुलाबी मेसेजिंग खेळणं घेतलं आणि त्यात थोडा फेरफार करून ठरलेल्या कोडची दारं दहा सेकंदांच्या आत उघडली.

नेहमीच्या पद्धतीने सगळे कोड एकामागून एक पाठवायचे तर जवळजवळ अर्धा तास जातो. पण या जुन्या मोटरींची खोड अशी, की कोड कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे त्या बघतच नाहीत. शेवटचे बारा अंक जुळले की झालं. मग कोड सुटे पाठवायचे कशाला? एकमेकांत गुंतवून पाठवायचे. एकाचे शेवटचे अकरा अंक तेच पुढच्याचे पहिले अकरा. अशी माळ ओवली की ४०९६ कोड ४१०७ अंकांत बसतात. एका अंकाला दोन मिलिसेकंद, म्हणजे सव्वाआठ सेकंद. या माळेला डी ब्रॉइन या डच गणितज्ञाचं नाव आहे.

तुमच्या मोटरीवर फुली मारा.

जुनी_वही | १३ जानेवारी, दुपारी १.१०

मी या धाग्यावर चुकून आले. गाडी चालवत नाही, आमच्या सोसायटीला गराज नाही, पार्किंगच्या खांबाला नंबर आहेत. पण वरचं वाचून राहवलं नाही.

ही माळ आपण सगळ्यांनी नववीत पाठ केली आहे. यमाताराजभानसलगा!

वृत्तांचे गण आठवा. तीन अक्षरांचा एक गण, प्रत्येक अक्षर लघु नाहीतर गुरू, म्हणून गण आठ. आठही सुटे लिहायचे तर चोवीस अक्षरं लागतात. सूत्रात आहेत दहा. कारण गण सुटे नाहीत, गुंतवलेले आहेत. य गण हवा? य-पासून तीन अक्षरं घ्या: यमाता, लघु गुरू गुरू. म गण? एक पाऊल पुढे: मातारा, तिन्ही गुरू. मग ताराज, राजभा, जभान, भानस, नसल, सलगा. आठ गण झाले, एकही दोनदा नाही, एकही सुटला नाही. तारयंत्र यांच्या भाषेत लघुला शून्य आणि गुरूला एक म्हटलं तर ०१११०१०००१.

तीस वर्षं मुलांना हे घोकायला लावलं, चाल लावून म्हणवून घेतलं. याने कोणाचं दार उघडेल असं वाटलं नव्हतं.

कढीपत्ता | १३ जानेवारी, दुपारी १.३०

वाचनखूण साठवली. मला शाळेत भुजंगप्रयात सोडून एक वृत्त ओळखता आलं नाही आणि आज चोराच्या निमित्ताने गण कळले.

तारयंत्र | १३ जानेवारी, रात्री ८.००

बाई, नमस्कार. मी आठ आणि तीन घालून आत्ता कागदावर पडताळून बघितलं. ४०९६ आणि ११ मिळून ४१०७, तसे ८ आणि २ मिळून १०. चोख. आयुष्यभर सिग्नलचं काम केलं आणि हे सूत्र माझ्याही तोंडपाठ होतं, पण दोन्ही कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत.

रणरण | १३ जानेवारी, रात्री ९.२०

मोटर बदलायचं मनावर घेतलं. एक माणूस बघून गेला. म्हणाला, दाराच्या दोन्ही खांबांना जमिनीलगत ते डोळे (सेन्सर) नाहीत म्हणजे मोटर १९९३ च्या आधीची. त्या वर्षापासून बनलेल्या प्रत्येक मोटरीला दाराखाली कोणी आलं तर उलटं फिरायची ही सोय कायद्याने सक्तीची आहे. घरात तीन वर्षांची मुलगी रांगते-धावते आणि मला हे माहीत नव्हतं. चोर राहू देत, यासाठी बदलतो आहे.

मिसिसागाकर | १३ जानेवारी, रात्री ९.५०

+१. आणि मोटर बदला, पण दाराच्या वरच्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. सगळ्या दाराचं वजन तिच्यात पीळ होऊन बसलेलं असतं. आमच्या शेजाऱ्याने पाना लावला होता. मनगटात प्लेट आहे आता.

अडगळीतला | १७ जानेवारी, रात्री १०.३०

खोकं आलं. आज मोहीम.

गाडी गराजच्या बाहेर, दाराकडे तोंड करून. बायको शिडीवर मोटरीपाशी, मी स्टिअरिंगवर. बाबांना शिडीवर चढायचं होतं, त्यांना टॉर्च देऊन घड्याळजी केलं, कारण पिवळं बटण दाबल्यापासून ३० सेकंदच मिळतात. एकट्याने करणाऱ्याने शिडीवरून उतरून गाडीपर्यंत धावायचं, हा कोणाचा विनोद आहे?

पहिल्या खेपेला खोक्याची मोटरीशी ओळख झाली, मोटरीचा दिवा लुकलुकला. मग गाडीची खोक्याशी. आरशाचं बटण दोन सेकंद दाबलं, सोडलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. बाबा म्हणाले, "जोरात." तिसऱ्यांदा दाबलं आणि दार वर गेलं! (मॅन्युअलमध्ये लिहिलंय की तीनदा दाबावं लागू शकतं. बाबांच्या मते श्रेय त्यांचं.)

दहा वेळा उघडलं, दहा वेळा मिटलं. शेजारी बाहेर येऊन बघून गेले. सर्वांचे आभार, तारयंत्र यांचे विशेष. धागा बंद करायला हरकत नाही.

तारयंत्र | १७ जानेवारी, रात्री ११.००

छान. राहिलेल्या दोन सूचना. एक, तुम्ही गाडी बाहेर ठेवून केलंत ते उत्तम. कोणी आत ठेवून करणार असेल तर दार उघडं ठेवा आणि इंजिन चालू करू नका, नुसती चावी फिरवा. बंद गराजात इंजिन म्हणजे विषारी धूर, दोन मिनिटांचं काम लांबलं की जीवावर बेतू शकतं. दोन, ते पिवळं बटण दाबून सोडायचं, धरून ठेवायचं नाही. सहाएक सेकंद धरलं की घरातले सगळे रिमोट आणि बाहेरचा कीपॅडही विसरला जातो. पण घर नवीन घेतल्यावर मात्र मुद्दाम तेच करावं. आधीच्या मालकाने किती रिमोट कोणाकोणाला दिलेत, देव जाणे.

कढीपत्ता | १८ जानेवारी, सकाळी ६.५०

आणि गाडी विकताना बाहेरची दोन बटणं दाबून धरून सगळं पुसून द्या. आमच्या ह्यांनी गाडी विकली, कागदपत्रांवर पत्ता होता, आरशात दार होतं. आठवडाभर झोप नाही.

अडगळीतला | १८ जानेवारी, सकाळी ७.४०

मंडळी, धागा उघडा ठेवा. आज सकाळी चालत नाहीये. ना आरसा, ना बायकोचा रिमोट. भिंतीवरचं बटण दाबलं तर दार व्यवस्थित उघडतं. बाहेर १८ फॅरनहाइट आहे. काल रात्री दहापर्यंत चालत होतं हो!

रणरण | १८ जानेवारी, सकाळी ८.१५

मोटरीत एलईडी दिवे लावलेत का? स्वस्तातले काही एलईडी एवढी खरखर करतात की रिमोटचा आवाज मोटरीला ऐकू येत नाही. दिवे काढून बघा.

उंटावरचा | १८ जानेवारी, सकाळी ८.३०

जवळ लष्करी तळ आहे का? हसू नका. २००४ च्या सुमारास फ्लोरिडातल्या एग्लिन हवाई तळाच्या आसपासची गराजं अशीच रुसली होती. लष्कराने ३९० मेगाहर्ट्झच्या आसपास नवे रेडिओ सुरू केले होते, त्या गोंगाटात रिमोटचं कोण ऐकतं. पट्टा सरकारचाच, रिमोटवाले तिथे भाडेकरूसुद्धा नाहीत, पाहुणे. तक्रार करायची सोय नाही.

अडगळीतला | १८ जानेवारी, सकाळी ८.५०

दिवे काढले, फरक नाही. तळ नाही, एक देऊळ आहे आणि पटेल ब्रदर्सची तीन किराणा दुकानं.

जुनी_वही | १८ जानेवारी, सकाळी १०.०५

मला यातलं काही कळत नाही, पण मी धागा पहिल्यापासून वाचला आहे. (पेपर तपासायची सवय.) तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की रिमोट 'सकाळी' कधीकधी चालत नाही. नवीन खोकं तेव्हा नव्हतं. रात्री चालतं, सकाळी चालत नाही, दिवसा केव्हातरी पुन्हा चालू लागतं. म्हणजे रात्री काहीतरी होतं, नाही का? रात्री गराजात शेवटचं कोण जातं?

तारयंत्र | १८ जानेवारी, सकाळी १०.२०

बाई, पैकीच्या पैकी गुण.

भिंतीवरच्या पॅनेलवर मोठ्या बटणाखाली कुलपाचं चित्र असलेलं छोटं बटण आहे का? त्याचा दिवा लुकलुकतोय का? ते गावाला जाताना वापरायचं असतं. लावलं की मोटर बाहेरच्या कुठल्याच रिमोटचं ऐकत नाही, भिंतीवरचं बटण तेवढं चालतं. दोनेक सेकंद दाबून धरा, सुटेल.

अडगळीतला | १८ जानेवारी, दुपारी १२.४५

लुकलुकत होता. सुटला. सगळं चालतंय.

आता जबानी ऐका. बाबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "हो, रोज रात्री मीच लावतो. कुलपाचं चित्र आहे. एवढं मोठं दार नुसतं लोटून झोपायचं?" सांगलीच्या घराला अडसर आहे, सागवानी, जेवणं झाली की तो लावायचा आणि मग दिवा मालवायचा. पन्नास वर्षं हा माणूस अडसर लावून झोपला. इथे आल्यावर अडसर शोधला, सापडला नाही, कुलूप सापडलं. सकाळी आठवण झाली की काढतात, फिरायला बाहेर पडले की राहतं. मी तीन रविवार त्यांच्याच शेजारी बसून होतो आणि त्यांना एकदाही विचारलं नाही.

कढीपत्ता | १८ जानेवारी, दुपारी १.००

तुम्ही खोकं उगाच घेतलंत का मग?

तारयंत्र | १८ जानेवारी, दुपारी १.२०

नाही, २००९ ची गाडी पिवळ्या बटणाशी थेट बोलली नसतीच. दुखणी दोन होती. पहिलं बरं झालं तेव्हा दुसरं दिसलं. आणि खरं सांगायचं तर वडील करतात ते चूक नाही. रात्री ते कुलूप लावणं सगळ्यात सुरक्षित. फक्त सकाळी काढायचं.

अडगळीतला | १८ जानेवारी, रात्री ९.३०

तह झाला. रात्री बाबा लावणार, सकाळी चहा ठेवायच्या आधी बायको काढणार. पॅनेलशेजारी बाबांनी स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवलाय: 'अडसर'.

आता ते विचारतायत, आरशावर अजून दोन बटणं रिकामी आहेत, त्यातलं एक सांगलीच्या फाटकाला लावता येईल का. तिथे मागच्या वर्षी विजेचं फाटक बसवलंय. रिमोट ४३३ मेगाहर्ट्झचा आहे.

तारयंत्र | १८ जानेवारी, रात्री १०.००

होमलिंकची मजल ४३३ पर्यंत आहे, तेवढं जुळतं. अंतराचं बाबांना सांगा, जोरात दाबावं लागेल.